मागच्याचा दिवा

मोटारसायकलवर गप्पा होत नाहीत. ज्यांनी लांबची राईड केलेली नाही त्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही, ते विचारतात की एवढं सोबत चालवलंत म्हणजे किती बोलणं झालं असेल, आणि मी सांगते की चालवताना एक शब्दसुद्धा नाही. गाडी पन्नास-साठच्या पुढं गेली की हेल्मेटमध्ये फक्त वारा असतो. हल्ली इंटरकॉम मिळतात, पण आमच्यात कुणाकडंच नव्हता. पुढचा माणूस म्हणजे एक पाठ आणि त्यामागं दोरीनं आवळलेली बॅग, मागचा माणूस म्हणजे आरशातला एक हेडलाईट. एवढीच ओळख. आणि तरीही आज मला मध्यरात्री कुणाला फोन करायची वेळ आली तर ज्यांना मी जराही विचार न करता करीन अशी जी मोजकी माणसं आहेत, त्यातली निम्मी मला मनाली-लेहच्या रस्त्यावर भेटली. हे कसं झालं याचा मी बरेचदा विचार करते, म्हणून लिहायला बसले.

मी एकटीच निघाले होते. त्यामागं फार मोठं कारण नव्हतं, ज्यांच्यासोबत जायचं ठरत होतं त्यांचं दरवेळी पुढच्या वर्षावर जायचं. आणि हा रस्ता असा की साधारण मे-जूनमध्ये बर्फ काढून उघडतात, ऑक्टोबर सरता सरता पुन्हा बर्फ पडायला लागतं, म्हणजे वर्षातले जेमतेम काही महिने हातात. शेवटी म्हटलं आता कुणासाठी थांबायचं नाही. मनालीपासून मी, माझी गाडी आणि सीटवर बांधलेल्या दोन बॅगा.

आता रोहतांगची खिंड चढावी लागत नाही. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, ९ किलोमीटरचा. अलीकडं देवदार, ढग, पाऊस, ओला रस्ता, आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं बाहेर पडलात की लाहौल, उघडे कोरडे डोंगर आणि लख्ख ऊन. बोगदा झाला आणि प्रवासातली मजा गेली असं म्हणणारे खूप रायडर भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की लाहौलच्या लोकांचा बाहेरच्या जगाशी रस्ता कित्येक महिने तुटायचा, पेशंटला खाली न्यायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. आपली वर्षातून एकदाची मजा आणि त्यांचं बारा महिन्यांचं जगणं यांची तुलना तरी कशी करायची.

तर बोगद्यानंतर तांदी. इथं चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि त्यांची चंद्रभागा होते, पुढं तीच चिनाब. (चंद्रभागा ऐकल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले, हेल्मेट घातलेलं होतं तरी.) तांदीचा पेट्रोल पंप सगळ्या रायडर लोकांना माहीत असतो, कारण तिथली ती पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. त्या पाटीपाशी फोटो काढायला सगळे थांबतात, पण खरं सांगायचं तर तिथं माणसं एकमेकांकडं पहिल्यांदा नीट बघतात. तोपर्यंत तुम्ही टुरिस्ट असता. पाटी वाचल्यावर तुम्ही हिशोब करायला लागता की माझी टाकी किती, गाडी किती देते, उंचावर किती कमी देईल, कॅनमध्ये किती घेऊ, आणि मग शेजारच्याला विचारता, तुम्ही किती घेतलंत? ओळखीची सुरुवात अशी पेट्रोलपासून झाली.

शेजारी होतं केरळहून आलेलं एक जोडपं, पन्नाशीच्या पुढचं. त्यांची गाडी जुनी, इतकी जुनी की गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, जशा पूर्वी असायच्या. लग्नानंतर घेतलेली गाडी, मुलं तिच्यावरच शाळेत गेली, आता मुलं नोकरीला लागली म्हणून हे दोघं तिच्यावर निघाले. मी काका-काकू म्हणायला गेले तर त्या म्हणाल्या चेची म्हण, यांना चेट्टन म्हण. म्हणजे ताई आणि दादा. झालं, मग तेच. त्यांच्या पलीकडं लुधियानाची दोन पोरं, एकमेकांचे मावसभाऊ, दोघं मिळून एका शंभर सीसीच्या गाडीवर, ऑफिसला जायला वापरतात तसली. पंपावरचे काही मोठ्या गाड्यांचे लोक त्यांच्याकडं बघून हसत होते. पण हिशोब केला तर सगळ्यांत कमी पेट्रोल त्यांनाच लागणार होतं. आणि एक कोलकात्याचे गृहस्थ, शाळेत पीटीचे शिक्षक होते, रिटायर झालेले, एकटे. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायला लागलो. दादा या रस्त्यावर आधी बरेचदा येऊन गेलेले.

आमच्यात कुणी कुणाला "एकत्र जाऊया" असं म्हटलेलं मला आठवत नाही. दादा एवढंच म्हणाले, आज सरचूपर्यंत जाऊ नका, जिस्पालाच झोपा. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आहे, सरचू चार हजारांच्या बरंच वर. पहिल्याच रात्री सरचूच्या तंबूत झोपणाऱ्यांचे हाल होतात, कारण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो आणि तुम्ही दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचावर झोपलात याला जास्त महत्त्व असतं. म्हणून मग सगळेच जिस्पाला, भागा नदीच्या काठी. रात्री जेवताना दादांनी त्यांचा नियम सांगितला.

नियम असा. आपल्या मागच्याचा दिवा आपल्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. तरी दिसला नाही तर थांबायचं. थांबूनही आला नाही तर गाडी वळवून मागं जायचं. बाकी कुणाचं काही बघायचं नाही, फक्त आपल्या मागच्या एकाचं. मी थांबले की मी माझ्या पुढच्याला दिसेनाशी होते, मग तो थांबतो, मग त्याच्या पुढचा, अशी सगळी साखळी कुणी फोन न करता, ओरडता न येता, आपोआप थांबते. ग्रुप राईड करणाऱ्यांमध्ये हा नियम सगळीकडं आहे, दादांनी काही शोधून काढला नव्हता, पण मी तो पहिल्यांदा नीट ऐकला. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर पुढच्याला गाठायची जबाबदारी कुणावरच नाही. हळू चालवणाऱ्याला पळवायचं दडपण येत नाही, आणि डोंगरात जे पडतात ते बरेचदा दडपणाखाली चालवणारे असतात, आपली लायकी नसलेल्या वेगानं वळण घेणारे. इथं हळू चालवणारा आपल्या वेगानं येतो, वाट बघायचं काम पुढच्याचं.

माझ्या मागं धाकटा आणि मोठा (मी त्यांना तसंच म्हणायचे), माझ्या पुढं चेट्टन-चेची, सगळ्यांत मागं दादा. सगळ्यांत मागं सगळ्यांत अनुभवी माणूस असतो, कारण त्याच्यासाठी थांबायला मागं कुणी नसतं आणि जो कुणी पडला, बंद पडला, त्याच्यापर्यंत तो पोचतोच.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. कारण नाले. हे पाणी बर्फाचं असतं, रात्री गोठून कमी झालेलं, ऊन चढेल तसं वितळून वाढत जातं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. रस्ता त्या ठिकाणी नसतोच, नुसते गोल दगड आणि त्यावरून पळणारं पाणी. दारचा गावाच्या पुढं एका नाल्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागंच होता तरी पाणी बऱ्यापैकी होतं. आमच्या आधी एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं, उतरला, आणि म्हणाला की मी आधी जातो, तुम्ही माझी चाकं बघा, चाक कुठं किती बुडतं ते बघून ठेवा आणि मग या. गेला तो, हळूहळू, मुद्दाम हळू, आम्हाला दिसावं म्हणून. या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांबद्दल मला फार आदर आहे. लेहचं हिवाळ्याचं धान्य, डिझेल, गॅस, सिमेंट सगळं असंच वर जातं, आणि ही माणसं तुम्हाला साईड देतात, कुठं खड्डा आहे ते हातानं दाखवतात, थांबून विचारतात.

नाल्यात पहिला गिअर, क्लच अर्धा, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवायचा, सोडायचा नाही, इंजिन मध्येच बंद पडलं तर सायलेन्सरमधून पाणी आत जाऊ शकतं. आणि नजर पलीकडच्या काठावर, चाकाकडं बघायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दोन बॅगा बांधलेली गाडी पाण्यात घालणं वेगळं. मी काठावर उभी होते, आणि धाकट्यानं काही न बोलता बूट काढले, पँट वर केली आणि पाण्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दीदी, आप सीधा मेरी तरफ देखो, पानी मत देखो. मी त्याच्याकडं बघत गेले. मध्यावर मागचं चाक दगडावरून सरकलं तेव्हा त्यानं बॅगेची पट्टी पकडली आणि एक धक्का दिला, मी बाहेर. मग चेट्टन. मग मोठा. मग दादा. प्रत्येकाच्या वेळी तो पाण्यात उभा. त्या पाण्यात मिनिटभरात बोटं बधिर होतात, तो किती वेळ उभा होता मी मोजलं नाही.

चेची दगडांवरून उड्या मारत आधीच पलीकडं गेल्या होत्या. धाकटा बाहेर आल्यावर त्यांनी त्याला एका दगडावर बसवलं, त्याचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि शालीनं घासायला लागल्या. तो लाजून पाय ओढत होता, नहीं आंटी, नहीं आंटी, आणि त्या मल्याळममध्ये त्याला रागवत होत्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, त्याला मल्याळम येणं शक्य नव्हतं. पायात रंग येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. ते बघताना मला जाणवलं की आता आम्ही वेगवेगळे नाही.

बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) चढताना चेट्टनची गाडी खोकायला लागली. कार्ब्युरेटरची गाडी, आणि हवा विरळ झाली की होतं असं की पेट्रोल पहिल्याएवढंच येतं पण त्याला जाळायला हवा पुरत नाही, अर्धवट जळतं, प्लगवर काजळी धरते, गाडी दम टाकते. नवीन इंजेक्शनवाल्या गाड्यांत सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतो, तरी ताकद सगळ्यांचीच कमी होते, माझीसुद्धा दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती. मोठा लुधियानाला मामाच्या गॅरेजात वाढलेला. त्यानं प्लग काढला, काळाकुट्ट, पॉलिश पेपरनं घासला, गॅप बघितली, एअर स्क्रू थोडा फिरवला, आणि गाडी पुन्हा चालायला लागली. हे सगळं सूरजतालच्या वर, जिथून भागा नदी निघते तिथं, वाऱ्यात. चेट्टन त्याच्याकडं असं बघत होते जसं कुणी आपल्या मुलाच्या डॉक्टरकडं बघतं.

पण यात वेळ गेला, आणि पुढं सरचूच्या पलीकडं रस्त्याचं काम चालू म्हणून अजून थांबलो. इथं मला थोडं थांबून त्या कामगारांबद्दल लिहायचं आहे, कारण राईडच्या वर्णनांत ते फोटोच्या कडेला असतात. हे रस्ते सीमा सडक संघटनेचे, म्हणजे बीआरओ, १९६० ची स्थापना, लडाखमधलं काम त्यांच्या हिमांक प्रकल्पाकडं. आणि प्रत्यक्ष दगड फोडणारे, डांबर उकळणारे कितीतरी हात झारखंडच्या दुमका भागातून येतात. उकाड्याच्या सपाट मुलखातली माणसं, चार हजार मीटरच्या वर डांबराच्या धुरात. जेसीबी दरड बाजूला करत होता तोवर आम्ही त्यांच्यासोबत बसलो. त्यातल्या एकानं माझ्या गाडीवर बसून फोटो काढू का असं विचारलं, बसला, हेल्मेट हातात धरून ताठ. मग म्हणाला, हा घरी पाठवाल का, आणि बायकोचा नंबर सांगितला. त्याच्याकडं फोन होता पण त्या पट्ट्यात नेटवर्क नव्हतं. मी लेहला पोचल्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी एक व्हॉइस मेसेज आला, एक बाई आणि मागं मुलांचा गोंधळ, संथालीत काहीतरी आणि मग हिंदीत, अच्छे हैं ना वो? मी लिहिलं, अच्छे हैं. याला मैत्री म्हणायचं का मला ठरवता येत नाही, पण तो निरोप पोचवता आला याचं समाधान मला खिंडींपेक्षा जास्त आहे.

गाटा लूप्सना ऊन कलायला लागलं होतं. एकवीस वळणं, एकावर एक. तिथं आरशाची गरज पडत नाही, खालच्या रस्त्यावर आपल्या मागचा दिसतो, त्याच्या खालच्या रस्त्यावर त्याच्या मागचा, सगळ्यात खाली दादांचा दिवा. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे, बर्फात अडकून तहानेनं गेलेल्या एका ट्रक क्लीनरची गोष्ट सांगतात, म्हणून येणारा-जाणारा पाणी ठेवतो. मोठ्यानं थांबून ठेवलं. आम्ही सगळेच थांबलो.

पुढं नकी ला, लाचुलुंग ला ५,०५९ मीटर, आणि संध्याकाळी पांग. दादांना पांगला राहायचं नव्हतं, त्यांचं गणित त्याच दिवशी पलीकडं उतरायचं होतं, पण अंधार झाला होता. पांग ४,६०० मीटरच्या आसपास. तिथं लडाखी बायका तंबू टाकून राहण्या-जेवणाची सोय करतात, त्यातल्या एका आमा-लेनं (आमा म्हणजे आई) आम्हाला जागा दिली. चेचींचं डोकं दुपारपासून दुखत होतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. रात्री उलट्या सुरू झाल्या. मग त्या बोलायला लागल्या ते जरा जड जिभेनं. दादांनी त्यांना उठवलं आणि तंबूतल्या मोकळ्या जागेत टाच-बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्या दोन पावलं चालल्या आणि तिसऱ्याला कलंडल्या.

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा. उंचीवर डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप न येणं हे बऱ्याच जणांना होतं. पण माणूस सरळ चालू शकत नसेल, बोलताना गोंधळत असेल, तर मेंदूवर सूज यायला लागलेली असू शकते, आणि तेव्हा सकाळी बघू असं म्हणायचं नसतं. गोळी, ऑक्सिजन हे सगळं वेळ मिळवण्यासाठी, खरा उपाय खाली उतरणं. आणि पांगची अडचण तीच आहे. खाली जायचं तर मागं लाचुलुंग ला आडवा, पुढं टागलांग ला, ५,३२८ मीटर. दोन्हीकडून आधी चढायचं आणि मग उतरायचं. म्हणून जाणकार माणसं पांगला झोपत नाहीत.

आमा-ले कंदील घेऊन पुढं झाली आणि आम्हाला लष्कराच्या कॅम्पपर्यंत घेऊन गेली. तिथल्या जवानांनी चेचींना आत घेतलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि सांगितलं उजाडताच लेह. रात्रभर चेट्टन बाकड्यावर बसून होते आणि धाकटा त्यांच्या शेजारी, चेचींचा हात धरून. बोलत काहीच नव्हते. मी आणि दादा बाहेर गाड्या शोधत होतो. लेहकडं जाणारी एक टेम्पो ट्रॅव्हलर तंबूंपाशी मुक्कामाला होती, तिच्या ड्रायव्हरला उठवलं, त्यानं प्रवाशांना उठवलं, आणि त्या अनोळखी लोकांनी कुरकूर न करता मागची अख्खी सीट रिकामी करून दिली, तीनच्या जागी चार-चार बसले. मला त्यातल्या एकाचाही चेहरा आठवत नाही, अंधार होता.

चेट्टन चेचींसोबत जाणार हे उघड होतं. मग त्यांच्या गाडीचं काय? लुधियानाच्या गाडीवर दोघं होते, म्हणजे एक हात मोकळा होता. धाकटा पुढं झाला. त्यानं आयुष्यात उजव्या पायाचा गिअर चालवलेला नव्हता. पहाटेच्या थंडीत, गाडी निघायच्या आधीच्या थोड्याशा वेळात, चेट्टननी त्याला शिकवलं, इंग्रजी-हिंदी-मल्याळम सगळं मिसळून, पायाला हात लावून. पहिला वर. बाकीचे खाली. डावा पाय ब्रेक, लक्षात ठेव, डावा ब्रेक. मग किल्ली दिली. किल्ली दिल्यावर त्यांनी टाकीवर एकदा हात ठेवला आणि ट्रॅव्हलरमध्ये चढले, मागं बघितलं नाही. ज्या माणसाला आपण दोन दिवसांपूर्वी पंपावर भेटलो त्याच्या हातात आपली तीस वर्षांची गाडी. पण आता आठवताना मला वाटतं, त्या किल्लीआधीच त्यांनी त्याच्यावर त्याहून मोठं काहीतरी सोपवलेलं होतं, चेचींचा हात धरून रात्रभर जागा राहिलेला तोच होता.

त्या दिवशी आम्ही क्रम बदलला. धाकटा सगळ्यांच्या पुढं, कारण त्याच्या मागं आम्ही असलो की तो पडला तर लगेच पोचता येईल, आणि त्याच्या पाठोपाठ मोठा. पांगमधून वर येईपर्यंत त्यानं दोनदा ब्रेक समजून गिअर दाबला, गाडी हिसका देत बंद पडली, आम्ही सगळे थांबलो, पुन्हा निघालो. वर मोरे प्लेन्स लागतात, चाळीसएक किलोमीटरचं सपाट पठार, दोन्हीकडं डोंगर लांब सरकलेले, रस्ता सरळ. गिअर शिकायला याहून चांगली जागा नाही. अर्ध्या पठारानंतर त्याची पाठ सैल झालेली मला मागून दिसली, खांदे उतरले, गाडी एका सुरात चालायला लागली. पाठ बघून माणूस कळतो हे मला त्या रस्त्यावर कळलं, कोण घाबरलंय, कोण दमलंय, कोण गाणं म्हणतंय.

टागलांग लावर कुणी फोटो काढले नाहीत. रुमत्से, मग लाल-जांभळ्या डोंगरांमधून उपशी, सिंधू नदी, आणि तिथं कधीतरी दादांचा आणि माझा फोन एकदम वाजायला लागले. लडाखमध्ये तेव्हा बाहेरची प्रीपेड सिम चालत नव्हती, पोस्टपेड आमच्या दोघांचंच. चेट्टनचा मेसेज होता, लेहच्या सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटलमधून, सकाळचाच. ॲडमिट केलंय. दुसरा मेसेज नंतरचा, बोलते आहे. तिसरा, चहा मागते आहे. मोठ्याला मी वाचून दाखवला आणि तो गाडीच्या टाकीवर डोकं टेकून रडला. धाकटा म्हणाला, चलो, गाडी देनी है उनको.

लेहमधले दिवस मी पटकन सांगून टाकते कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात, गोंपा म्हणजे बौद्ध मठ, बाजार, खारदुंग ला. आमचा फरक एवढाच की आमचे दिवस हॉस्पिटलच्या भेटीच्या वेळांभोवती फिरत होते. चेची हळूहळू हिंडायला लागल्या, डॉक्टरांनी गाडीवर मागं बसून पुन्हा खिंडी चढायला मनाई केली, त्या विमानानं गेल्या. मग चेट्टनसोबत श्रीनगरपर्यंत कोण? आम्ही सगळेच. दादांना हानलेला जायचं होतं, ते गेले नाहीत. फोटू ला, कारगिल, द्रास, झोजी ला, पुन्हा तसेच, मागच्याचा दिवा बघत. द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकावर तोलोलिंग शिखराकडं बघत आम्ही खूप वेळ गप्प बसलो होतो. झोजी लाच्या चिखलात मी पडले, गाडीखाली पाय अडकला, आणि हेल्मेट काढायच्या आधी चार हात गाडीला लागलेले होते. त्या दिवशी माझ्या मागं चेट्टन होते.

श्रीनगरहून आम्ही आपापल्या वाटेनं गेलो. अशा ओळखी पुढं टिकत नाहीत असं लोक म्हणतात, आणि बऱ्याचशा नाही टिकत हे खरं आहे. ग्रुप होतो, फोटो पडतात, मग सणासुदीचे मेसेज, मग तेही नाही. मला वाटतं त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्या ट्रॅव्हलरमधल्या लोकांशी माझा पुढं कधी संबंध येणार नाही, त्या ट्रक ड्रायव्हरशीही नाही, तरी त्यांनी केलं ते केलंच. पण आमचं टिकलं, आणि टिकलं याचं कारण मी शोधते तेव्हा मला गप्पा आठवत नाहीत. आम्हाला अजूनही एकमेकांच्या कितीतरी साध्या गोष्टी माहीत नाहीत, दादांनी लग्न का केलं नाही हे कुणी विचारलेलं नाही. पण मोठ्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा दादा कोलकात्याहून ट्रेननं लुधियानाला जाऊन राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. मोठा दोन दिवस ग्रुपवर दिसला नाही म्हणून गेले. माझ्या आईच्या आजारपणात चेचींचा रोज रात्री फोन यायचा, त्यांच्या नव्यानं शिकलेल्या हिंदीत, खाना खाया? एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या.

आता स्पितीचं ठरतंय. चेचींनीच काढलं, डॉक्टरांना विचारून, आणि या वेळी मनालीकडून नाही, शिमल्याकडून किन्नौरमार्गे, कारण त्या बाजूनं उंची हळूहळू चढते. दादांनी मुक्कामांची यादी केली आहे, नारकंडा २,७०० मीटर, मग कल्पा तीन हजारांच्या जवळ, तिथं एक दिवस जास्तीचा, मग नाको आणि काझा, दोन्ही साडेतीन हजारांच्या वर, काझाला दोन रात्री. पुढं कुंझुम खिंडीकडं जायचं की आल्या रस्त्यानं परतायचं हे काझात ठरवायचं, सगळ्यांच्या तब्येती बघून, टाच-बोट लावून चालून दाखवल्यावर. चेचींनी मान्य केलं, फक्त एक अट घातली आहे, चालून सगळ्यांनी दाखवायचं, दादांनीसुद्धा.